कॅप्टन म्बाय दियान आणि ‘एकट्याचे काही चालत नाही’ हा दावा

वांशिक हिंसाचाराचा विषय निघाला की एक विधान हमखास पुढे केले जाते: जमावाचे डोके फिरले की एकट्याचे काही चालत नाही, निःशस्त्र माणसाने मध्ये पडणे म्हणजे मरण ओढवून घेणे, आणि ज्यांनी जीव वाचवले त्यांच्या पाठीशी एखादी मोठी सत्ता असणारच. रवांडात १९९४ साली संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक असलेले सेनेगलचे कॅप्टन म्बाय दियान यांचे काम समोर ठेवून हे विधान तपासले, तर त्यातले फारसे काही टिकत नाही.

मुळात ती हिंसा आंधळा उन्माद होती, हेच खरे नाही. राष्ट्राध्यक्षांचे विमान ६ एप्रिलला पाडले गेल्यानंतर सुमारे शंभर दिवसांत जवळपास आठ लाख माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य अल्पसंख्याक तुत्सी समाजाचे होते. एवढा संहार नुसते डोके फिरल्याने होत नाही. ओळखपत्रावर वंशाची नोंद असे, आणि राजधानी किगालीच्या रस्त्यारस्त्यांवर इंटरहाम्वे या हुतू कट्टरवाद्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी व सरकारी सैनिकांनी नाके उभारले होते. गाडी अडवायची, कार्ड पाहायचे आणि कोणाला खाली उतरवायचे ते ठरवायचे, अशी ती रीत होती. म्हणजे प्रत्येक नाक्यावर कोणीतरी निर्णय घेत होता, आणि तो निर्णय फिरवायला थोडी का होईना, जागा होती. दियान यांनी नेमकी तीच जागा हेरली. एका खेपेला मोजकीच माणसे गाडीत घेऊन ते नाके ओलांडत. पहारेकऱ्यांशी ओळख ठेवत, सिगारेटी वाटत, थट्टामस्करी करत, प्रसंगी पैसेही देत. (याला कोणी लाच म्हणणार असेल, तर खुशाल म्हणावे.)

बीबीसीचे पत्रकार मार्क डॉयल यांनी सांगितलेला एक प्रसंग इथे महत्त्वाचा आहे. एका नाक्यावर हातबॉम्ब घेतलेला टोळीवाला गाडीत डोकावला आणि गोऱ्या डॉयलना बेल्जियन समजून दरडावू लागला. द्वेष पसरवणाऱ्या रेडिओने बेल्जियनांविरुद्ध रान उठवले होते, त्यामुळे तो संशय जिवावर बेतणारा होता. दियान यांनी हसत सांगितले, की या गाडीत बेल्जियन असलाच तर तो मीच, काळा बेल्जियन. ताण सैलावला आणि गाडी पुढे गेली. निःशस्त्र माणसाचे काय चालते, याचे उत्तर इतके साधे असू शकते. मात्र बॉम्ब समोर असताना ते सुचायला आणि ओठांवर हसू ठेवायला काय लागत असेल, याचा अंदाज बांधणे कठीण आहे.

संयुक्त राष्ट्रांची टोपी होती म्हणून ते निभावले, हा आक्षेप तर ७ एप्रिललाच खोटा ठरला होता. पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांच्या संरक्षणासाठी पाठवलेले दहा बेल्जियन सैनिक त्याच संघटनेचे होते, आणि शस्त्रे काढून घेऊन त्यांना ठार करण्यात आले. पंतप्रधानांचीही हत्या झाली. त्यांच्या लपलेल्या मुलांना हॉटेल दे मिल कोलिनमध्ये पोहोचवले ते दियान यांनी. शिवाय नागरिकांच्या सुटकेसाठी जाऊ नये, असे आदेश होते. रवांडातल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे सेनापती रोमेओ दालेर यांना दियान यांच्या खेपा ठाऊक होत्या आणि त्यांनी त्या थांबवल्या नाहीत, इतकाच काय तो आधार. सुरक्षा परिषदेने २१ एप्रिलला ही फौज २७० जणांपर्यंत घटवण्याचा ठराव केला. त्याच परिषदेने २०१४ मध्ये दियान यांच्या नावाने असाधारण धैर्याचे पदक सुरू केले, हा भाग वेगळा.

आठ लाखांपुढे काही शेकडा जिवांचा हिशेब तो काय, असेही विचारले जाते. त्यांनी वाचवलेल्यांची नोंदवही नाही. अंदाज काही शेकड्यांपासून हजारापर्यंत जातात. त्यांनी नरसंहार थोपवला, असे कोणी म्हणतही नाही. पण दावा ‘फार थोडे चालते’ असा नसून ‘काहीच चालत नाही’ असा आहे, आणि तो खोडून काढायला गाडीतून सुखरूप उतरलेला एक माणूसही पुरेसा आहे.

राहिला त्यांचा मृत्यू. मध्ये पडणाऱ्याचे असेच होते, याचा पुरावा म्हणून तो पुढे केला जातो. प्रत्यक्षात ३१ मे १९९४ रोजी दालेर यांच्यासाठी निरोप घेऊन मुख्यालयाकडे जाताना ते सरकारी सैन्याच्या नाक्यावर थांबले होते, आणि सरकारशी लढणाऱ्या, तुत्सींचे प्राबल्य असलेल्या रवांडन पेट्रिऑटिक फ्रंट या बंडखोर संघटनेने त्या नाक्याच्या रोखाने डागलेल्या तोफगोळ्याच्या तुकड्यांनी त्यांचा जीव गेला. त्यांनी कोणाला वाचवले होते, याचा त्या गोळ्याशी काही संबंध नव्हता. त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या कोणालाही तो लागला असता.