कॉम्प्रेसर फुकट, बाकीचं तुमचं

ठाण्यात तलावपाळीला दोन फेऱ्या झाल्या की आम्ही पाच-सहा जण चहावाल्यासमोरच्या कट्ट्यावर टेकतो. गेल्या गुरुवारी नाना आले तेच कपाळावर आठ्या घेऊन. चहाचा ग्लास हातात घेतला, पण प्यायलेच नाहीत.

"दहा वर्षांची वॉरंटी बघून फ्रिज घेतला. चौथ्या वर्षी बसला. आणि आज सर्व्हिसवाला मुलगा येऊन सांगतो, साडेपाच हजार भरा!"

मिस्त्रींनी शांतपणे विचारलं, "स्टिकरवर काय होतं नाना? फ्रिजला दहा वर्षं, की कॉम्प्रेसरला?"

मिस्त्री म्हणजे आमच्यातले फ्रिज-एसी दुरुस्तीवाले. तीस वर्षं हाच धंदा. त्यांनी हिशेब मांडला. संपूर्ण फ्रिजची वॉरंटी बहुधा एकच वर्षाची असते. दहा वर्षं असतात ती एकट्या कॉम्प्रेसरची. म्हणजे मागचा तो काळा गोळा फुकट येतो. पण तो बसवायला जुनी लाइन कापावी लागते, ड्रायर फिल्टर नवा घालावा लागतो, व्हॅक्यूम करून गॅस भरावा लागतो. गॅस, ड्रायर, मजुरी, येण्याजाण्याचे पैसे हे सगळं गिऱ्हाइकाच्या माथी. "हल्लीच्या घरगुती फ्रिजात आर-600ए असतो. पेटणारा गॅस आहे तो. लागतो अगदी थोडा, पण भरणारा जाणता पाहिजे. त्याची मजुरी मी तरी फुकट कशी सांगू?"

"मग दारावर एवढ्या मोठ्या अक्षरांत दहा कशाला लिहायचं?" नाना म्हणाले.

मला नानांचं पटलं. मिस्त्रींची मजुरी रास्त आहे, पण दारावरचा आकडा वाचून माणूस पैसे मोजतो आणि त्या आकड्याचा अर्थ आत, कार्डाच्या मागच्या बाजूला, बारीक टायपात असतो. दुकानात उभं राहून ते कार्ड कुणी उघडूही देत नाही, ते खोक्याच्या आत सीलबंद असतं.

अण्णांना हे सगळं मागासलेपणाचं लक्षण वाटलं. त्यांची मुलगी टेक्सासला असते, दोन वर्षांपूर्वी तिने तिथे जुनं घर घेतलं. "तिकडे बघा! घर विकणाऱ्यानेच पहिल्या वर्षाची होम वॉरंटी काढून दिली. फ्रिज, ओव्हन, डिशवॉशर, घरातला एसीसुद्धा, सगळं एका कागदात. कुठल्या कंपनीचं, किती जुनं, विचारत नाहीत. एक फोन केला की माणूस दारात."

"फुकट येतो?" मिस्त्री.

"वर्षाचे काहीशे डॉलर असतात."

"ते झालं. दारात आल्यावर काही घेतो का?"

अण्णा थांबले. मुलीला विचारून सांगतो म्हणाले. बँकेत जन्म काढलेला माणूस. माहीत नसलेला आकडा तोंडातून काढत नाही, हा त्यांचा गुण मला फार आवडतो.

रविवारी ते मुलीशी तासभर बोलून आले आणि जे ऐकलं ते तसंच्या तसं सांगितलं. प्रत्येक खेपेला शंभर डॉलर द्यावे लागतात, दुरुस्ती होवो न होवो. माणूस कंपनीच पाठवते, आपला नेहमीचा कारागीर चालत नाही. तिच्या फ्रिजचं कूलिंग गेलं तेव्हा पहिला आला त्याने पंखा बदलला. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. दुसरा म्हणाला, आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलाय, मागवतो. बोर्ड आलाच नाही. तोवर दोन लहान मुलांचं दूध बर्फाच्या पेटीत. शेवटी कंपनीने कळवलं, दुरुस्ती परवडत नाही, बदली फ्रिज घ्या किंवा रोख रक्कम घ्या. बदली म्हणजे साधारण तशाच सोयींचा, तोच ब्रँड असेल असं नाही. आणि रोख रक्कम ठरते ती त्या कंपनीला जो भाव पडतो त्यावर, दुकानात आपल्याला जो पडतो त्यावर नाही. शिवाय करारात प्रत्येक उपकरणाला वरची मर्यादा ठरलेली. जुना फ्रिज उचलून न्यायचे पैसे तिने वेगळे भरले.

"आणि आधीपासूनचा दोष निघाला तर?" हे वकीलसाहेबांनी विचारलं.

"तर काहीच नाही. नीट निगा राखली नाही असं म्हणाले तरी काहीच नाही. तिला सर्व्हिसिंगच्या पावत्या मागितल्या होत्या. घर जुनं, फ्रिज आधीच्या मालकाचा. ती पावत्या आणणार कुठून?"

वकीलसाहेब म्हणाले की तिकडचा कायदासुद्धा याला खरी वॉरंटी मानत नाही. वॉरंटी वस्तूच्या किमतीत येते. वेगळे पैसे देऊन घेतो तो सेवा-करार. टेक्सासात त्याला रेसिडेन्शियल सर्व्हिस काँट्रॅक्ट असंच नाव आहे. अमेरिकेत 1975 साली मॅग्नसन-मॉस कायदा आला, त्यात अशा कराराच्या अटी साध्या भाषेत, ठळक दिसतील अशा लिहिल्या पाहिजेत असं बंधन आहे. "अटी लिहिलेल्या असतातच हो. पण दुरुस्ती करायची की बदलून द्यायचं, हे कोण ठरवणार? ते वाक्य शोधा. करारात सगळ्यात महाग वाक्य ते असतं. आणि ते ठरवते करार विकणारी कंपनीच."

नानांनी लगेच ते आपल्याकडे आणलं. फ्रिज घेताना दुकानातल्या मुलाने एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या म्हणून फार गळ घातली होती, यांनी घेतली नाही. "घेतली असती तर वाचलो असतो का?"

यावर खरा वाद पेटला. मिस्त्रींचं मत ठाम: तेच पैसे डब्यात टाका. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, मागची धूळ सहा महिन्यांनी झाडा, ओट्यावरच्या चिमणीच्या जाळ्या गरम पाण्यात धुवा. अर्धी दुखणी होतच नाहीत. आणि झालीच तरी रिले, थर्मोस्टॅट, डिफ्रॉस्ट हीटर, हे काही हजारोंचे भाग नव्हेत. महाग असतो बोर्ड. तो जळाला की सर्व्हिस सेंटरचा माणूस आधी मोबाइलने फोटो काढतो. आत झुरळ दिसलं, उंदराने वायर कुरतडलेली दिसली, व्होल्टेज वरखाली झाल्याची खूण दिसली, की वॉरंटीतून बाद. "आपल्याकडच्या स्वयंपाकघरात बोर्ड मरतात ते याच तीन कारणांनी. आणि तीच तिन्ही कारणं कार्डात वगळलेली."

अण्णा म्हणाले, "आम्ही दोघंच राहतो, सत्तरी झाली. मला चार ठिकाणी फोन करून कारागीर शोधणं होत नाही. त्या एका नंबरसाठी मी पैसे देतो. त्यात चूक काय?"

मिस्त्री यावर काही बोलले नाहीत. मीही आधी मिस्त्रींच्या बाजूची होते, पण अण्णांचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांचा दुरुस्तीचा खर्च फक्त पैशांचा नसतो. तरी मी एवढं म्हणेन की पैसे देण्याआधी कार्डावर नाव कुणाचं आहे ते बघावं. फ्रिज एका कंपनीचा, करार कधी दुकानाचा, कधी तिसऱ्याच कुणाचा, मागे विमा आणखी कुणाचा. बंद पडल्यावर हे तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात. करार मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होतो, म्हणजे आज पैसे भरून एक वर्ष नुसती वाट बघायची. आणि बदलून द्यायची वेळ आलीच तर अनेक करारांत वर्षागणिक घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, कापतात.

वॉरंटी सुरू कधी होते याचाही एक किस्सा निघाला. माझ्या भाच्याने घोडबंदरच्या फ्लॅटसाठी दिवाळीच्या सेलमध्ये चिमणी घेऊन ठेवली. ताबा लांबला, फर्निचर लांबलं, चिमणी सात महिने खोक्यात. भिंतीला लागली तेव्हा वर्षाची वॉरंटी पाचच महिने उरलेली. 2024 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना सांगितलं होतं की वॉरंटी खरेदीपासून न धरता बसवल्याच्या तारखेपासून धरा. फार साधी, न्यायाची गोष्ट आहे. पण भाच्याचं कार्ड अजून खरेदीची तारीखच सांगतं.

इतका वेळ ताई गप्प होत्या. त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे, घरच्याच स्वयंपाकघरात. नवरा गेल्यावर सुरू केलं, त्यावर दोन मुली शिकल्या. त्या हळूच म्हणाल्या, "माझा मिक्सर पडून आहे महिना झाला. मोटरला पाच वर्षं होती. चौदाव्या महिन्यात जळली. सेंटरवाल्याने भांड्याला लागलेली चटणी बघितली, विचारलं किती डबे करता. मी खरं सांगितलं, चाळीस. त्याने कागदावर लिहिलं, व्यावसायिक वापर. वॉरंटी नाही."

मिस्त्री अवघडले, पण बोलले खरं तेच. "ताई, घरगुती मिक्सरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, इतकी मिनिटं चालवा, मग थांबवा. चाळीस डब्यांचं वाटण म्हणजे त्याला विश्रांतीच नाही. कंपनीचं अगदीच चुकलं असं मला म्हणवत नाही."

"मी दुकानदाराला सांगितलं होतं, डब्यांसाठी पाहिजे. तो म्हणाला, साडेसातशे वॅट आहे, काही होत नाही, पाच वर्षं बघायला नको."

वकीलसाहेबांनी ग्लास खाली ठेवला. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, ग्राहकाची व्याख्या. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक नव्हे, हे खरं. पण त्याच कलमाला स्पष्टीकरण जोडलंय: स्वतः राबून, स्वयंरोजगारातून, केवळ पोटापाण्यासाठी वस्तू वापरत असाल तर ते व्यापारी कारण धरायचं नाही. "म्हणजे कार्ड तुम्हाला व्यापारी म्हणतं, कायदा ग्राहक म्हणतो."

"मग मोटर मिळेल?" ताईंनी विचारलं.

"लगेच हो म्हणणार नाही. दार उघडं आहे एवढं म्हणतो. कार्डातली अट अट म्हणून राहतेच. पण विकताना काय सांगितलं, कशासाठी हवाय हे माहीत असून कुठला मिक्सर गळ्यात मारला, हे ग्राहक आयोगापुढे मांडता येतं. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला जिल्हा आयोगात फी नाही. राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. दोन वर्षांची मुदत आहे."

मिस्त्री म्हणाले, "आणि माझा लेखी अभिप्राय मागितला तर मी वाटण जास्त होतं हेच लिहीन."

"लिहा," ताई म्हणाल्या. "मी कुठे लपवलं?"

हे ऐकून मला कसंतरीच झालं. खोटं बोलल्या असत्या, घरचाच वापर आहे म्हणाल्या असत्या, तर मोटर त्याच दिवशी बदलून मिळण्याची शक्यता होती. दुकानात विकताना वापर कुणी विचारत नाही, बंद पडल्यावर तो पहिला प्रश्न असतो. या एका गोष्टीवर मी कुणाचंच ऐकून घ्यायला तयार नाही. आपल्या गल्लीगल्लीत बायका घरच्या ओट्यावर चार पैसे मिळवतात, लोणची, पापड, केक, डबे. त्यांनी कोणता मिक्सर घ्यायचा, कोणत्या मिक्सरला त्यांच्या कामात वॉरंटी नाही, हे खोक्याच्या बाहेर मराठीत छापलं पाहिजे. मोटर टिकणार नसेल तर तसं आधी सांगा, त्या जास्त पैसे घालून दणकट यंत्र घेतील.

नाना म्हणाले, "आमची ही मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. महिन्याचं वाण-सामान यायचं आणि बायका वजन करून वाटून घ्यायच्या. वजनात खोट दिसली की बोलायच्या. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत काढली ती याच जोरावर. आपण नुसते चहा पीत बसतो." आणि ताईंना म्हणाले, उद्या सगळे कागद घेऊन या.

दुसऱ्या दिवशी ताई प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड, सेंटरवाल्याने लिहून दिलेली जॉबशीट आणि बिल घेऊन आल्या. बिल उघडलं तर कोरं. दुकानाच्या मशीनमधून निघणारा तो गुळगुळीत कागद, त्यावरची शाई चौदा महिन्यांत उडून गेलेली. वकीलसाहेबांनी दिव्याखाली धरून तिरकं करून बघितलं. दुकानाच्या नावाची दोन अक्षरं तेवढी दिसली. ताईंचा चेहरा पडला.

अण्णांनी विचारलं, "पैसे रोख दिले होते?"

"नाही, मुलीने मोबाइलवरून दिले."

"मग खात्यात नोंद आहे. तारीख, वेळ, दुकानाचं नाव, सगळं. उद्या सकाळी आपण दोघं बँकेत जाऊ." मिस्त्रींनी सांगितलं, मिक्सरच्या बुडाखाली सीरियल नंबर असतो, त्याचा फोटो काढा, कोणत्या महिन्यात बनला ते कंपनीला त्यावरून कळतं. मी तिथेच बसून मोबाइलवर तक्रार लिहिली. ताई सांगत होत्या तशीच. चाळीस डबे हा आकडाही घातला.

साडेसात वाजले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915, रात्री आठपर्यंत चालू असते, मराठीत बोलता येतं. हा खटला नव्हे, इथून तक्रार आधी कंपनीकडे जाते. तिथे नाहीच मिटलं तर जिल्हा आयोग. ताईंनी फोन कानाला लावला. सुरुवातीला आवाज कापत होता. मोटर, चौदा महिने, दुकानदार काय म्हणाला, सगळं ओळीने सांगितलं. पलीकडून व्यवसाय विचारला असावा, कारण त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "पोळी-भाजीचे डबे करते. स्वतः."

मग नोंदणीचा नंबर मिळाला. लिहायला कागद कुणाकडेच नव्हता. ताईंनी पिशवीतून डब्यांच्या हिशेबाची वही काढली आणि त्या दिवशीच्या पानावर, दूधवाल्याच्या उधारीखाली, तो लिहून घेतला.