पुनर्वसनाच्या इमारतीला मागचंच दार का?

ग्रँट रोड असो की लोअर परळ, स्टेशनजवळच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) चाळीचा पुनर्विकास म्हटला की नकाशा ठरलेला. मोठ्या रस्त्याकडे विक्रीचा टॉवर, रुळांकडे पुनर्वसनाची इमारत, मध्ये भिंत. अरे, अशा चाळींच्या पुनर्विकासाच्या ३३(७) या नियमाचा जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, मिळाली कुणाच्या जिवावर? मग चाळकऱ्यांना गेट मागच्या गल्लीतून का?

५१ टक्के भाडेकरूंची संमती हवी तोवर बिल्डरचा माणूस रोज दारात. चाळ रिकामी झाली की गरज सरो, वैद्य मरो! तात्पुरत्या घराच्या भाड्याचे चेक थकतात, फोन कुणी उचलत नाही.

आणि ताबा मिळाल्यावर? ३०० चौरस फूट कार्पेट, वीस मजले, मजल्यावर बारा घरं, लिफ्ट दोन. त्यातली एक बंद पडली की आठच्या लोकलसाठी निघालेली अख्खी इमारत एका दारापुढे. गुडघे गेलेल्या आजींनी जिना उतरायचा?

सगळ्यात संताप येतो तो कॉर्पसवरून. दहा वर्षांच्या देखभालीचा हा निधी बिल्डरनं द्यायचा असतो. तो पुरेसा आहे का, सोसायटीच्या खात्यात जमा झाला का, हे चावी देताना कुणी सांगतं? लिफ्टचा वार्षिक देखभाल करार (एएमसी), पंप, फायर सिस्टिम, सामाईक वीज... चौरस फुटाला १० रुपये धरले तरी महिना ३,००० रुपये. चाळीत शे-दोनशे भाडं भरणाऱ्यानं ते आणायचे कुठून? शेवटी घर विकून माणूस विरारला जातो.

लिफ्ट किती, कॉर्पस किती, भाडं थकलं तर बँक हमी कुठली, हे करारनाम्यात आकड्यांत लिहून घ्या. त्याशिवाय सही करू नका!