शेवभाजी आणि स्टॉपवॉच

शाकाहारी स्वयंपाक सोपा असतो असं जे म्हणतात, त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांच्यासमोर जुना पेपर पसरावा, थंडीतल्या मेथीच्या चार जुड्या टाकाव्यात आणि आपण गंगापूर रोडला चक्कर मारून यावं. मेथीत चिखल असतो, गवत असतं, मुळ्या असतात, एखादी गोगलगायही बिऱ्हाड करून असते. निवडून, तीन पाण्यांतून धुऊन, चिरून ती कढईत पडली की डोळ्यांदेखत मूठभर होते. मग ताटावर बसलेला माणूस विचारतो, ‘‘एवढीच?’’

आमच्याकडे हा प्रश्न विचारणारे गृहस्थ मागच्या वर्षी निवृत्त झाले. इथेच नाशकात, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होते. दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, यात हयात गेली. निवृत्तीनंतर खोट काढायला मालच उरला नाही. घरात बघतात तर एक उत्पादन रोज दोन पाळ्यांत बिनबोभाट चालू होतं.

त्यात मोबाइल. ‘दहा मिनिटांत झणझणीत’, ‘ऑफिसातून आल्यावर पटकन’, ‘फक्त पाच साहित्यांत’ असे व्हिडिओ हे सकाळच्या चहापासून लावून बसतात. त्यातल्या बाईच्या ओट्यावर काचेच्या वाट्या ओळीने मांडलेल्या असतात. एकीत चिरलेला कांदा, एकीत सोललेला लसूण, एकीत भाजून, सालं पाखडून केलेलं दाण्याचं कूट. बाई हसत हसत एकेक वाटी कढईत उपडी करते, की झाली भाजी. आयत्या बिळावर नागोबा! आणि त्या वाट्या नंतर कोण घासतं, ते एकाही व्हिडिओत दाखवत नाहीत.

‘‘अगं, दहा मिनिटं! हिला दहा मिनिटं लागतात, तुला दीड तास का लागतो?’’ कारखान्यात लाइन बंद पडल्यावर विचारायचा सूर होता तो.

‘‘तिला विचारा.’’

तिला कशाला विचारतील! त्यांनी वही आणली, रकाने आखले, लेकीच्या शाळेतल्या धावण्याच्या शर्यतींपासून कपाटात पडलेलं स्टॉपवॉच गळ्यात घातलं आणि संध्याकाळी ओट्याशेजारी स्टूल टाकून बसले. विषय निवडला शेवभाजी. म्हणे, यात भाजी चिरायचीच नाही, शेव तर विकत मिळते, म्हणजे याहून सोपं काय असणार?

शेवभाजी खानदेशची. पण सटाणा-मालेगावकडची मंडळी नाशकात स्थायिक होताना ती बरोबर घेऊन आली आणि आता हायवेवरच्या कुठल्याही ढाब्यावर ती मागितल्याशिवाय नाशिककराचं जेवण पुरं होत नाही. तिचं सगळं मर्म वाटणात. कांदा सालीसकट थेट गॅसवर ठेवायचा, बाहेरून कोळसा आणि आतून मऊ गोड होईपर्यंत. सुकं खोबरं तव्यावर. कांद्याला वेळ लागतो आणि खोबऱ्याला अजिबात लागत नाही. कांद्याकडे बघत बसलात की खोबरं जळतं, आणि जळकं खोबरं वाटणात गेलं की कडूपणा कशानेही जात नाही. दोन शेगड्यांवर दोन डोळे ठेवून मी उभी असताना शेजारून आवाज येत होता, ‘‘कांदा, सुरुवात सहा बावन्न. खोबरं, सुरुवात सहा छप्पन्न. खोबऱ्याचा रंग काय लिहू?’’

‘‘बदामी.’’

‘‘सालीसकट बदाम की सोललेला?’’

मी उलथनं खाली ठेवलं नाही, एवढंच सांगते.

लसूण, आलं, कोथिंबीर घालून वाटण झालं. हात सैल सोडून तेल घातलं, वाटण तेल सुटेपर्यंत परतलं, त्यात काळा मसाला पडला. वर उकळतं पाणी. इथे गार पाणी ओतलं तर तर्री रुसते आणि मग कितीही मनधरणी केली तरी वर येत नाही. शेव अगदी पानं घेताना, आणि तीही भाजीची जाड शेव. बारीक घातली तर दोन मिनिटांत पिठलं झालंच म्हणून समजा. यांनी सगळं टिपून घेतलं आणि समाधानाने वाचून दाखवलं, ‘‘काळा मसाला, दोन चमचे, चार सेकंद.’’

‘‘चार सेकंद?’’

‘‘डबा उघडून बंद करेपर्यंत. मी मोजले.’’

‘‘आणि एप्रिल?’’

यांना कळेना. मग मी सांगितलं. ब्याडगी आणि लवंगी मिरच्या आणायच्या. गच्चीवर वाळवायच्या. देठं खुडायची, म्हणजे पुढे दोन दिवस डोळ्याला हात लावायची सोय नाही. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, तमालपत्र, मसाला वेलची, लवंगा, मिरे सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाची भाजायची वेळ वेगळी. मग शेजारपाजारचे खोकायला लागले की भाजणी जमली म्हणायचं. मग कांडपाच्या गिरणीत रांग, तिथे आपला डबा दुसऱ्या कुणाच्या हिंगाळ्या मसाल्यानंतर लागू नये म्हणून पाळत. मग चाळणं, बरणीत दाबून भरणं, वर हिंगाचा खडा. ‘‘ते कुठल्या रकान्यात घालणार?’’

हे बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘तो कच्चा माल झाला. स्टोअरमधून इश्यू केलेला.’’

‘‘मग स्टोअरकीपरचा पगार कोणत्या खात्यावर पडतो?’’

त्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही.

वेळेचं जमेना तेव्हा हे मापांकडे वळले. मीठ किती? चवीपुरतं. पाणी? लागेल तसं. गूळ? सुपारीएवढा. हळद? चिमूटभर. यावर त्यांनी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा मागवला आणि माझी चिमूट मोजली. माझी चिमूट दर वेळी वेगळी भरते, हा त्यांना मोठाच शोध वाटला. पण हेच गृहस्थ पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाकडे धावतात आणि घरी येऊन सांगतात, ‘‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलं!’’ अख्खं नाशिक गोदावरीचा पूर मारुतीच्या पायापासून गळ्यापर्यंत मोजतं आणि कुणाच्या जिवाला खटकत नाही. तिथे नाही विचारत हे, की कंबर म्हणजे नेमके किती सेंटिमीटर!

डाळीचं प्रकरण मात्र गाजलं. एका दुपारी मी बाहेर होते. यांनी आमटीत ‘एक प्रक्रिया वाचवायची’ म्हणून तुरीच्या डाळीबरोबरच चिंचेचा कोळ कुकरमध्ये घातला. डाळ टणक राहिली. मी आले तेव्हा कारण तयार होतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच, इथे पाणी शंभर नव्हे तर अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ शिजायला त्रास.

‘‘काल याच उंचीवर शिजली होती की!’’

आंबट पदार्थात डाळ लवकर मऊ होत नाही, म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो जे काय असेल ते डाळ शिजल्यावर घालायचं, हे माझ्या सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हा हे शेजारीच बसून पेपर वाचत होते. आणि कुकरच्या आत पाण्याला उकळायला एकशेवीसच्या आसपास तापावं लागतं, तिथे सहाशे मीटरची काय कथा! असो. शिट्टी हे वेळेचं माप नाही, हे मात्र त्यांनी स्वतः शोधलं आणि मला ऐकवलं. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या भसाभस होतात आणि बारीक आचेवर एक व्हायला युग लागतं. म्हणून पहिली शिट्टी झाली की आच कमी करून घड्याळ लावावं. बरोबर आहे. तीन शिट्ट्यांचा हिशेब करताना मी आच किती आहे ते बघतेच, पण हे ‘बघणं’ वहीत कसं लिहायचं ते त्यांना सुचेना.

मग कांदा. कांद्याच्या बाबतीत आम्ही नाशिककरांनी कुणाकडून शिकावं अशी परिस्थिती नाही. लासलगाव इथून जवळ. पावसाळ्यानंतरचा लाल कांदा पाणीदार, तो साठवायचा नाही. चाळीत टिकतो तो उन्हाळ कांदा. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. भाव पडला की शेतकरी रडतो, चढला की गिऱ्हाईक रडतं. २०२३ च्या डिसेंबरात निर्यातबंदी आली तेव्हा तर लिलावच बंद पाडले होते लोकांनी. तर असा हा कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी का येतं, याचा यांनी अभ्यास केला. कापल्यावर कांद्याच्या पेशी फुटतात, आतली गंधकाची द्रव्यं आणि एक विकर एकत्र येतं, वायू तयार होतो आणि तो डोळ्यांत जातो. उपाय दोन. सुरीला धार हवी, म्हणजे पेशी चिरडत नाहीत, आणि कांदा थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवावा, म्हणजे वायू कमी सुटतो. दोन्ही उपाय खरे आणि फुकट. यांनी तिसरा केला. २०२१ च्या ऑगस्टात नाशकात ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी मोहीम निघाली, तेव्हा नाइलाजाने घेतलेलं हेल्मेट माळ्यावरून काढलं, काच खाली ओढली आणि कांदा चिरायला बसले.

शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या होत्या. दारातूनच परत गेल्या.

वायू खालून हेल्मेटमध्ये शिरला तो बाहेर पडेना. आत हे रडताहेत, बाहेरून आम्हाला फक्त सूं सूं ऐकू येतंय.

बुधवारच्या बाजाराला गोदाघाटावरही हे आता माझ्याबरोबर येतात. तिथे दुपार टळली की मेथी-कोथिंबिरीचा आवाज चढतो आणि भाव उतरतो, त्या वेळी जायचं असतं. हे कोथिंबिरीची जुडी सोडून काड्या तपासतात, पानं उजेडात धरतात, उलटी करून मुळं बघतात. एका मावशीने शेवटी विचारलं, ‘‘बाबा, घ्यायची का लगीन जमवायचंय तिचं?’’ तरी स्वस्त मिळाली म्हणून हे पिशवीभर जुड्या घेऊन आलेच. कोथिंबीर धुऊन ठेवली की सडते, न धुता कागदात गुंडाळून ठेवावी लागते, आणि त्याआधी ती निवडावी लागते. ती रात्र आम्ही तिच्यातच काढली. दुसऱ्या दिवशी वड्या, तिसऱ्या दिवशी चटणी, मग दोन्ही शेजाऱ्यांना वाटप.

खरं तर दहा मिनिटांत होणाऱ्या गोष्टी माझ्याकडे खूप आहेत. मेथीचा घोळाणा घ्या. कोवळी पानं चिरायची, कांदा, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, मीठ, कच्चं तेल, हाताने कालवायचं. गॅससुद्धा पेटवायचा नाही. भाकरीबरोबर तोंडी लावायला असला की दुसऱ्या भाजीची आठवणही होत नाही. पिठलं घ्या. बेसन गार पाण्यात आधी गुठळ्या मोडून कालवलं की गरम फोडणीत ओतायचं आणि ढवळत राहायचं, ते आपोआप होतं. रात्रीचं वरण उरलं असेल तर सकाळी त्यात पाणी, तिखट, गूळ, आमसूल घालून उकळायचं, कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखी कापून सोडायची. वरणफळं झाली, वर तूप. यांना हे सगळं आवडतं, ताट चाटूनपुसून खातात. पण वहीत घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, ‘‘ही काय रेसिपी झाली? हे तर घरात असलेलं जेवण.’’

महिनाअखेर अहवाल तयार झाला. लेकीला पुण्याला फोटो काढून पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘‘बाबा, तक्ता छान आहे. आईला सांगा, मसाल्याची बरणी पाठव.’’ अहवालाचा निष्कर्ष असा, की उत्पादनाला उशीर कढईत होत नाही, निवडणं-सोलणं-खुडणं या विभागात होतो. तिथे मनुष्यबळ कमी पडतं. ताबडतोब भरती करावी.

मला अहवाल शंभर टक्के मान्य होता. मी त्याच संध्याकाळी भरती केली. पेपर पसरला, गवारीची पिशवी रिकामी केली आणि यांना स्टुलावरून खाली घेतलं. स्टॉपवॉच माझ्या गळ्यात.

दोन शेंगा झाल्या नसतील, तोच प्रश्न आला.

‘‘तुकडे केवढे करायचे?’’

‘‘बोटाच्या पेराएवढे.’’

यांनी चष्मा कपाळावर घेतला.

‘‘कुणाच्या बोटाच्या?’’