‘सर्वांची शाळा’ या शब्दांबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या जिल्हा परिषद हायस्कुलावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तराला दोन आठवडे लागले, कारण आपले आक्षेप वाचल्यावर आधी शाळेत जाऊन, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, जुने दाखलखारीज रजिस्टर, म्हणजे मुलांच्या दाखल होण्याच्या आणि शाळा सोडण्याच्या नोंदींचे पुस्तक, पुन्हा पाहणे मला आवश्यक वाटले. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: ‘ही सर्वांची शाळा होती’ हे माझे वाक्य खोटे आहे, कारण आपले वडील सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे, पोर होते आणि आठवीतच त्यांचे नाव कमी झाले, ही शाळा गरिबांची कधी नव्हतीच, शाळा सरकारी होती तोवर चांगली होती आणि जिल्हा परिषदेने ती बुडवली, हे मी लपवले, आणि शाळेच्या आठवणी काढणाऱ्यांनीच आपली मुले तालुक्याच्या शाळांत घातली.

माझे वाक्य चुकले, हे मला मान्य आहे, आणि ते नेमके कुठे चुकले तेही सांगितले पाहिजे. ते रजिस्टर म्हणजे कापडी बांधणीचे, दोन्ही हातांनी उचलावे लागणारे बाड आहे. डाव्या पानावर अनुक्रमांक, मुलाचे आणि पालकाचे नाव, जात, अंकी व अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा. उजव्या पानाच्या कडेला शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटी कारण. लेख लिहिताना मी डावे पान वाचले होते. पाटलाचा, सुताराचा, बौद्ध वस्तीतला, बंजारा तांड्यावरचा असे मुलगे एकाखाली एक लिहिलेले दिसले आणि मी ‘सर्वांची शाळा’ असे लिहून मोकळा झालो. या खेपेला उजव्या पानाची कड वाचली.

त्या कडेला तारखांची दोन ठिकाणी गर्दी आहे. एक चैत्राच्या सुमारास. आपल्याकडे सालदाराचे साल गुढीपाडव्याला सरते; मालक बदलला की बिऱ्हाड दुसऱ्या गावी जाते, आणि वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असताना पोराचे नाव ‘परगावी गेल्यामुळे’ या दोन शब्दांत कमी होते. दुसरी गर्दी दिवाळीनंतरची. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झाली की कापसाची वेचणी लागते, वेचणीची मजुरी वजनावर मिळते, आणि मजुरी वजनावर असली की बारा वर्षांच्या पोराचे हातही घरच्या मिळकतीत धरले जातात. या मुलांच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ एवढेच लिहिलेले आहे. त्या दिवसांत तो कुठे हजर होता, हे लिहायला रजिस्टरात जागा नाही. मला ते ठाऊक आहे. आमच्या घरी वावर होते. मी वर्गात बसून बीजगणित सोडवत असे, तेव्हा माझे दोन वर्गमित्र कमरेला ओटी बांधून आमच्याच पऱ्हाटीत कापूस वेचत असत, आणि संध्याकाळी वजन करताना वडिलांच्या शेजारी बसून आकडे मी लिहीत असे. हे मी लेखात लिहायला हवे होते आणि लिहिले नाही.

आपल्या वडिलांचे जे वर्ष आपण सांगता, त्या १९७२-७३ साली मीही आठवीत होतो. आमच्यापासून अभ्यासक्रम बदलला, म्हणून आम्ही १९७५ साली दहावीलाच बोर्डाच्या परीक्षेला बसलो आणि जुन्या अकरावीची शेवटची तुकडीही त्याच वर्षी परीक्षेला होती. गावात आजही या गोष्टीचे कौतुकाने बोलणे होते. त्या आठवीच्या वर्गातले किती जण १९७५पर्यंत पोचलेच नाहीत, याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. ते दुष्काळाचे वर्ष. खडी फोडण्याची कामे निघाली, घरोघर मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरी आणि शाळेत सुकडी आली, आणि आमच्या वर्गातली काही मुले आईबापांबरोबर खडीच्या ढिगावर गेली ती परत आली नाहीत. आपल्या वडिलांची नोंद मला सापडली आहे. तिच्यातला कारणाचा रकाना आपल्या परवानगीवाचून इथे उतरवणे मला योग्य वाटत नाही.

तरीही ‘ही शाळा गरिबांची कधी नव्हतीच’ या आपल्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि माझा आधार तेच रजिस्टर आहे. आज त्या खोलीच्या दाराशी सर्वांत जास्त लोक येतात ते आजोबांची नोंद शोधायला. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. ज्यांच्याकडे सातबारा नाही, जुने खरेदीखत नाही, त्यांच्याकडे असा पुरावा बहुधा एकच असतो: आजोबा पाचवीत दोन महिने बसले होते तेव्हा गुरुजींनी बोरूने लिहिलेली ती ओळ. मी तिथे बसलो असताना एक मुलगी नर्सिंगच्या प्रवेशासाठी अशीच ओळ शोधत आली होती. ती सापडल्यावर तिने आजोबांच्या नावावरून एकदा बोट फिरवले, आणि मग झेरॉक्ससाठी पान किती रुंद उघडेल ते विचारले. शाळेने तिच्या आजोबांना टिकवले नाही, हे आपले म्हणणे खरेच आहे. पण शाळेने त्यांची नोंद घेतली होती आणि ती जपून ठेवली.

आता जिल्हा परिषदेविषयी. शाळेच्या पाटीवर नावाखाली ‘माजी शासकीय’ असे शब्द आजही आहेत, आणि त्यावरून सरकारी काळ चांगला आणि नंतरचा वाईट असा समज गावात पसरलेला आहे. शाळा उघडली तेव्हा आपण मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो. १९४८च्या कायद्याने जनपद सभा या स्थानिक स्वराज्य संस्था आल्या, १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा जिल्हा परिषदेकडे आली ती या घडामोडीत. तिचे भरभराटीचे दिवस मी पाहिले ते त्यानंतरचे आहेत: टिनाच्या वर्गखोल्या कमी पडत म्हणून एक वर्ग निंबाखाली बसे, आणि मार्चपासून सकाळची शाळा लागली की साडेदहालाच टिन तापून मास्तर आम्हाला बाहेर काढत.

उतरण पुष्कळ पुढे लागली, आणि तिचे कारण पटात आहे. पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर होणारी शिक्षकांची पदे, ठरते; पट घसरला की एक पद जाते, शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे समायोजित होतो, आणि जाणारा बहुतेक वेळा गणिताचा किंवा इंग्रजीचा असतो. मग जाणते पालक मुले काढतात आणि पट आणखी घसरतो. भोवतालच्या खाजगी शाळांनाही हाच नियम लागू असल्याने तिथले शिक्षक मे महिन्याच्या उन्हात घरोघर फिरून मुले गोळा करतात, कारण त्यांचीही नोकरी पटावरच उभी आहे. त्यांना मी दोष देत नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी हायस्कुले काढली नसती, तर वऱ्हाडातील कितीतरी खेड्यांत सातवीपुढचा वर्गच भरला नसता. मात्र आमच्या शाळेत विज्ञानाचे पद लागोपाठ काही वर्षे रिकामे राहिले, त्याबद्दल गावाने एकदाही पंचायत समितीकडे निवेदन दिले नाही, आणि त्या गावात मीही होतो.

आठवणी काढणाऱ्यांनीच आपली मुले तालुक्याला घातली, हा आपला शेवटचा आक्षेप खरा आहे. माझी मुलगी पाचवीपासून तालुक्याला शिकली.

मुलींविषयी आपण एका ओळीत लिहिलेत. तो विषय याहून मोठा आहे. माझ्या वर्गात मोजक्या मुली होत्या आणि दहावीपर्यंत त्यांतल्याही काहींची लग्ने झाली. ते चित्र पालटले ते एसटीमुळे: आधी अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आणि नंतर मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या. आज सकाळी फाट्यावर उभे राहिले तर सालदारांच्या, मजुरांच्या मुली दप्तर घेऊन बारावीपर्यंत शिकायला जाताना दिसतात. ती गाडी आमच्या शाळेच्या फाटकासमोरून तालुक्याला जाते आणि आमच्या नववी-दहावीच्या पटातल्या मुली घेऊन जाते. शाळेसाठी मला वाईट वाटते, पण ती गाडी बंद व्हावी असे मी कधीच म्हणणार नाही.

‘ही सर्वांची शाळा होती’ हे वाक्य मी लेखातून काढले आहे आणि त्या जागी वेचणीच्या दिवसांचा परिच्छेद घातला आहे. तो परिच्छेद वर्गात बसलेल्या मुलाने लिहिलेला आहे. आपले वडील त्या वर्षाबद्दल बोलायला तयार असतील, तर मी त्यांच्या सोयीने आपल्या घरी येईन. आणि त्यांची इच्छा असेल, तर त्यांच्या नोंदीची प्रत सोबत आणीन.