सुट्टी फक्त बसवाल्या काकांना!

रेड अलर्ट आला, कलेक्टरांनी शाळांना सुट्टी जाहीर केली, की तासाभरात मेसेज हजर: 'उद्याचे वर्ग ऑनलाइन होतील.' म्हणजे सुट्टी काय ती बसवाल्या काकांना! मग सूचनांचा पाऊस. पूर्ण युनिफॉर्म हवा, कॅमेरा सुरूच हवा, मागे कोरी भिंत हवी. अहो, वन बीएचकेमध्ये कोरी भिंत आणू कुठून? एकीकडे कपाट, दुसरीकडे न वाळलेल्या कपड्यांची दोरी. 'पालकांनी पाल्याशेजारी बसावे', आणि लगेच खाली, 'पालकांनी मध्ये बोलू नये'. माझं ऑफिस मग कोण करणार?

पोरगं दुसरीत आहे हो! ऑनलाइन वर्गांसाठीच्या केंद्राच्या २०२० च्या 'प्रज्ञाता' सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त दोन सत्रं, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांची, असं स्पष्ट म्हटलं होतं. इथे सलग चार. त्यातला अर्धा वेळ 'मॅम, आवाज येत नाहीये' यातच जातो.

वर्ग संपला की वहीचे फोटो काढा, पीडीएफ करा, रोल नंबर घालून पाचच्या आत अपलोड करा. हे दुसरीतलं पोर करणार? गृहपाठ त्याचा, शेरा मात्र मला: 'फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा.'