ग्लिया म्हणजे मेंदूतला डिंक नव्हे

‘मेंदूत १०० अब्ज न्यूरॉन, त्यांच्या दहापट ग्लिया पेशी. ग्लिया म्हणजे नुसता डिंक, म्हणून आपला १० टक्केच मेंदू वापरात असतो. आणि मज्जातंतू एकदा तुटला की कायमचा गेला.’ हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. (न्यूरॉन म्हणजे संदेश वाहणाऱ्या पेशी, ग्लिया म्हणजे त्यांच्या सोबतीच्या पेशी.)

१०० अब्ज हा आकडा मोजून आलेला नव्हता, अंदाजानं रूढ झाला. पातळ कापातल्या पेशी मोजून गुणाकार करावा, तर मेंदूत पेशींची दाटी जागोजागी वेगळी. म्हणून २००९ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी चार प्रौढ पुरुषांचे मेंदू डिटर्जंटमध्ये अक्षरशः घोटले. पेशींची आवरणं फुटली, केंद्रकं शाबूत राहिली, पेशीमागे एक. मिश्रण ढवळून एकसारखं केलं, न्यूरॉनच्या केंद्रकांना वेगळा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली थेंबाथेंबानं मोजणी केली. सरासरी निघाली ८६ अब्ज न्यूरॉन आणि ८५ अब्ज इतर पेशी. या ‘इतर’मध्ये रक्तवाहिन्यांच्या पेशीही आल्या, म्हणजे ग्लिया त्याहून कमीच. (लहान मेंदूतले पुर्किंये नावाचे न्यूरॉन हा रंग घेत नाहीत, पण ते इतके थोडे की बेरीज हलत नाही.)

लहान मेंदू वजनाला जेमतेम दशांश, तरी ६९ अब्ज न्यूरॉन त्यातच. तिथे चार न्यूरॉनमागे एक इतर पेशी. मोठ्या मेंदूच्या बाह्यकात, खालच्या पांढऱ्या भागासकट, एका न्यूरॉनमागे पावणेचार. दहापटीचा हिशेब जुळतो तो फक्त मेंदूकांड, थॅलॅमस वगैरे उरलेल्या भागात, जिथे एक अब्जही न्यूरॉन नाहीत.

डिंकाचा गैरसमज नावातच आहे: जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ मध्ये ‘न्यूरोग्लिया’ म्हटलं, आणि ग्रीकमध्ये ग्लिया म्हणजे डिंक. प्रत्यक्षात ॲस्ट्रोसाइट पेशी न्यूरॉनांच्या जोडांभोवती सांडलेलं ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन आणि जादा पोटॅशियम शोषून घेतात. ते साचलं तर न्यूरॉन अतिउत्तेजित होऊन मरतात. मायक्रोग्लिया मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात. मेंदू-मज्जारज्जूत ऑलिगोडेंड्रोसाइट, तर बाहेरच्या मज्जातंतूंत श्वान पेशी (Schwann या संशोधकाच्या नावावरून) तंतूंवर मायलिनचं, म्हणजे संदेशाचा वेग वाढवणारं चरबीयुक्त वेष्टण घालतात.

त्या वेष्टणाचा फरक ठेच लागल्यावर कळतो. आधी लख्ख कळ येते, ती पातळ मायलिनच्या तंतूंतून, सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगानं. मागून येणारा जळजळता ठणका मायलिन नसलेल्या तंतूंचा. त्यांचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर, आणि पायाच्या अंगठ्यापासून मज्जारज्जूही जवळपास एक मीटर लांब, म्हणून तो सेकंदभर मागे पडतो.

१० टक्क्यांचं फार बोलायला नको. शरीराच्या वजनाच्या २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. रिकामा अवयव एवढं खात नाही.

तुटण्याबद्दलचं विधान मेंदू आणि मज्जारज्जूपुरतं बरंचसं खरं. तिथे मायलिनचे अवशेष आणि ॲस्ट्रोसाइटांचा व्रण वाढ अडवतात. हातापायांत मात्र न्यूरॉनचा पेशीदेह (केंद्रक असलेला मुख्य भाग) जिवंत असेल तर तंतू पुन्हा वाढतो. तुटल्यापलीकडचा भाग झडतो, श्वान पेशी तो साफ करून पोकळ वाट धरून ठेवतात, आणि नवं टोक दिवसाला सुमारे १ मिलिमीटर सरकतं. म्हणून मनगटाशी शिवलेल्या मज्जातंतूची संवेदना बोटाच्या टोकाला पोचायला पाच-सहा महिने लागतात. मानेजवळ तुटला तर पंजापर्यंत दोन वर्षं, आणि तोवर तिथले स्नायू झिजून गेलेले असतात. अशा वेळी शल्यविशारद शेजारच्या धडधाकट मज्जातंतूची एखादी फांदी स्नायूच्या जवळच आणून जोडतात.