चाळीस आर की एक एकर?

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा चौरस फुटावरून जुंपली. भाचीनं पुण्यात फ्लॅट घेतला. जाहिरातीत ६३० चौरस फूट, करारनाम्यात ५८.५३ चौरस मीटर. बिल्डरनं गंडवलं, असंच तिला वाटलं. १०.७६४ नं गुणून दाखवल्यावर ती शांत झाली, पण बाकीचे पेटले. बापूकाका म्हणाले, मीटर हे सरकारी खूळ आहे, आपल्याला कळतो तो फूटच. धाकट्या भावाचं म्हणणं, कायदा आहे ना, मग फुटात जाहिरात करणाऱ्याला दंड ठोका. आणि मग दोघांनीही माझ्याकडे मोर्चा वळवला : तुमच्या इंग्लंडात काय करतात?

सांगायला घेतलं की मलाच हसू येतं. इथं पेट्रोल भरायचं लिटरनं, रस्त्यावरचे फलक मैलांत, आणि गाडी ॲव्हरेज किती देते हे सांगायचं गॅलनला इतके मैल असं. सुपरमार्केटातल्या दुधाच्या कॅनवर २.२७२ लिटर असा चमत्कारिक आकडा असतो. ते असतात चार पिंट. माणसाचं वजन स्टोनमध्ये. सोळा वर्षं झाली, मला माझं वजन अजून स्टोनमध्ये सांगता येत नाही, आणि त्याचं दुःखही नाही.

पण ही खिचडी कायद्यानं शिजवलेली आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. पबमधली ड्राफ्ट बिअर पिंटात, परत करायच्या बाटलीतलं दूध पिंटात, रस्त्याच्या फलकांवर मैल आणि यार्ड, सोन्याचांदीला ट्रॉय औंस. अपवाद असे नावानिशी लिहून ठेवलेत. बाकीच्या व्यापारात मेट्रिक. शेजारी जुनं माप खुशाल लिहा, पण ते दुय्यम. सुटी फळंभाजी २००० सालापासून किलोत. संडरलंडच्या स्टीव्ह थोबर्न या विक्रेत्याला पौंडात केळी विकल्याबद्दल २००१ मध्ये कोर्टानं दोषी ठरवलं, तेव्हा देशभर गहजब झाला होता. ब्रेक्झिटनंतर तर सरकारलाच जुन्या मापांचा उमाळा आला. २०२२ मध्ये लोकांची मतं मागवली, तीही अशा प्रश्नावलीवर की नुसतं मेट्रिक हवं म्हणायला सोयच नव्हती. तरी लाखाहून जास्त उत्तरं आली आणि ९८.७ टक्के लोकांनी मेट्रिकच मुख्य किंवा एकमेव ठेवा म्हणून सांगितलं. शेवटी हाती काय लागलं, तर पिंटाच्या, म्हणजे ५६८ मिलीच्या, बाटलीत वाइन विकायची परवानगी!

आपल्याकडे १९५६ मध्ये कायदा झाला आणि शेर, मण, छटाक एका पिढीत बाजारातून गेले. इंग्रजांना हे अजून पुरतं जमलेलं नाही, असं मी इथल्या मित्रांना अधूनमधून ऐकवतो. सध्याचा वैधमापन कायदा २००९ चा, लागू २०११ पासून. त्याचं अकरावं कलम म्हणतं, प्रमाणित एकक सोडून दुसऱ्या कशातही भाव सांगायचा नाही, जाहिरात करायची नाही, अगदी तोंडीसुद्धा नाही. निर्यातीला तेवढी सूट. म्हणजे तोळ्याला काय भाव, या प्रश्नाला सराफानं तोळ्यातच उत्तर दिलं की कलम मोडलं. होर्डिंगवरच्या चौरस फुटांबद्दल तर बोलायलाच नको.

बापूकाका ज्याला आपला म्हणतात तो फूट इंग्रजांचा. ब्रिटन-अमेरिकेनं आणखी काही देशांसह १९५९ मध्ये यार्डाची लांबी मीटरवरूनच ठरवली. त्या हिशेबानं फूट म्हणजे नेमका ०.३०४८ मीटर. काका मीटरच वापरतात, फक्त तुकडे करून. भावाचा दंडही मला पटत नाही. गावोगावच्या होर्डिंगांवर खटले भरायला वैधमापनाचे निरीक्षक आणायचे कुठून? त्यापेक्षा चौरस मीटर मोठ्या अक्षरांत आणि शेजारी फूट लहान अक्षरांत चालेल, असं कायद्यानंच सांगून टाकावं. सर्रास मोडल्या जाणाऱ्या मनाईपेक्षा लिहून दिलेली सवलत मला प्रामाणिक वाटते. तोळ्याचा प्रश्न तर बाजारानं परस्पर सोडवलाय. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो आणि पावती ग्रॅममध्ये फाडतो. शब्द राहिला, घोळ गेला. नऊवारीचं कापड मीटरनं मोजलं म्हणून तिला कुणी सव्वाआठ-मीटरी म्हणत नाही.

गुंठ्याचं मात्र असं झालेलं नाही, आणि माझी खरी काळजी तीच आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, बोलण्यात गुंठा, आणि आर म्हणजेच गुंठा असं गावात सगळेच धरून चालतात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. एका गुंठ्यामागे तेराएक फूट, म्हणून कुणी मनावर घेत नाही. एकराला, म्हणजे चाळीस गुंठ्यांना, हाच फरक ५०४ चौरस फूट होतो. भाचीच्या फ्लॅटचे पाचातले चार हिस्से.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं आणि रात्री अण्णांचा फोन आला. आमची विहिरीजवळची जमीन त्यांनी १९८८ मध्ये एक एकर म्हणून घेतली, पैसे एकराचे मोजले. समोर सातबारा घेऊन बसले होते. क्षेत्र शून्य हेक्टर चाळीस आर.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "तुझ्या आईनं अजून ग्रुप उघडलेला नाही. ते काढून टाकता येतं ना?"